सल्लागार कोणाचा?

हल्लीं एका नव्या धंद्यास बरे दिवस आले आहेत. वकील, वैद्य, ज्योतिषी आणि विम्याचे एजंट यांच्या पंक्तीस आतां नेतृत्वाचा सल्लागार येऊन बसला आहे. कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीं हाताखालच्या माणसांशीं कसें वागावें, हें तो त्यांस फी घेऊन शिकवितो. त्यांतही जो वर्ग आपणांस 'मनुष्यकेंद्री' म्हणवितो, त्याचें एक विशेष लक्षण असें कीं, तो बहुधा कोणत्या तरी वाईट कचेरींतून होरपळून बाहेर पडलेला असतो, आणि तें होरपळणें हीच आपली सनद म्हणून तो लोकांपुढें ठेवतो. या वर्गाचीं पुस्तकें, व्याख्यानें व आत्मनिवेदनें आतां इतकीं झालीं आहेत कीं, त्यांस एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार समजून त्यांचें परीक्षण करणें अप्रस्तुत होणार नाहीं. मनुष्य केंद्रस्थानीं असेल तर परिघावर कोण असतो, असा प्रश्न या नांवावरूनच आमच्या मनांत प्रथम आला होता.

लेखास निमित्त एका हस्तलिखिताचें झालें. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ चिखलीस राहतात. इंद्रायणीच्या कांठचें हें जुनें गांव. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळीं त्यांचे टाळ येथें पडले अशी श्रद्धा आहे, व म्हणून त्याला टाळगांव चिखली म्हणतात. सन १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेंत सामील झालें. आज त्याच्या एका अंगास टाटांचा मोटारींचा कारखाना, दुसऱ्या अंगास तळवड्याची औद्योगिक वसाहत, नदीपलीकडे कांहीं मैलांवर चाकण, आणि या सर्वांच्या मध्यें उंच उंच इमारती व त्यांच्या पायथ्याशीं पत्र्याचीं शेडें, असा देखावा आहे. टाळांचा नाद ऐकावयाचा तर आतां प्रेस-यंत्रांचा ठोका आधीं थांबला पाहिजे. सकाळीं सहाच्या सुमारास कंपन्यांच्या बसगाड्या नाक्यांवर उभ्या राहतात. गणवेश घातलेलीं, गळ्यांत ओळखपत्र अडकविलेलीं माणसें त्यांत चढतात, आणि थोड्या वेळानें रात्रपाळीचीं माणसें डोळे चोळीत तेथेंच उतरतात.

हे गृहस्थ चाकणच्या बाजूस मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनींत अठरा वर्षें होते. शेवटीं एका विभागाचे मुख्य झाले. कंपनीचें नांव त्यांनींही लिहिलेलें नाहीं व आम्हांसही तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रकृति बिघडली, झोंप गेली, डॉक्टरांनीं दम दिला. तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली, एकदोन अभ्यासक्रम पुरे केले, आणि आतां ते मनुष्यकेंद्री नेतृत्वाचे सल्लागार आहेत. छापण्यापूर्वीं आम्हीं निर्भीड अभिप्राय द्यावा म्हणून त्यांनीं आपलें १४० पानांचें हस्तलिखित आमच्याकडे आणून दिलें. निर्भीड अभिप्राय मागणारांस बहुधा स्तुति हवी असते. परंतु यांनीं तो मागतांना खालीं मान घातली होती, त्यावरून त्यांस तो खरोखरच हवा असावा असें धरून आम्ही वाचावयास बसलों.

पहिलीं चाळीस पानें आम्हीं एका बैठकींत वाचलीं, आणि तीं चांगलीं आहेत. रविवारीं तिसऱ्या प्रहरीं पोटांत उठणारा गोळा, रात्रीं अकराला वाजणारा फोन, सकाळच्या बैठकींत फळ्यावर लाल शाईनें लिहिलेलें आपलें नांव, न उघडतां घरीं परत आलेला डबा, हें सर्व त्यांनीं साध्या शब्दांत लिहिलें आहे. एकदां ते रात्रीं नऊला घरीं पोंचले, तेव्हां आईनें दार उघडून विचारलें, "आज लवकर कसा आलास? कंपनींत कांहीं झालें का रे?" अशा घरांत आपल्या वाचकांपैकीं किती जण राहत असतील तें आम्ही सांगूं शकत नाहीं, पण तें वाक्य वाचून एखाद्या घरांत क्षणभर कोणी कोणाकडे पाहणार नाहीं असें मात्र होणार नाहीं. मराठींत शेतकऱ्याच्या व गिरणी-कामगाराच्या कष्टांचें लेखन पुष्कळ झालें. पंख्याखालीं बसून झिजणाऱ्या माणसाच्या कष्टांना शब्द देण्याची आपल्याला जरा लाजच वाटत आली आहे. ती लाज या गृहस्थांनीं टाकली, हें त्यांचें श्रेय होय.

एकेचाळिसाव्या पानापासून मात्र लेखक बदलतो. 'प्रवास', 'झेप', 'आंतला आवाज' हे शब्द दाटी करूं लागतात. आम्हीं याच जातीचीं दुसरींही कांहीं आत्मनिवेदनें वाचलेलीं आहेत, व त्यांची घडण कीर्तनासारखी आंखीव असते: पूर्वरंगांत दुःख, उत्तररंगांत साक्षात्कार, आणि शेवटीं आरतीचें ताट फिरावें तसें सल्ल्याच्या फीचें पत्रक. कीर्तनास आमची हरकत नाहीं. परंतु कीर्तनकाराच्या आख्यानांत राक्षस एकच असतो, व तो मेला म्हणजे सर्वांस सुख होतें. कारखान्याच्या आख्यानांत तसें होत नाहीं. या हस्तलिखितांतला राक्षस म्हणजे लेखकाचा वरिष्ठ साहेब. तो अहंकारी आहे, कोणाचें ऐकून घेत नाहीं, माणसाला उभें करून अपमान करतो. यावर उपाय म्हणून पुढील शंभर पानांत साहेबाचें हृदयपरिवर्तन सांगितलेलें आहे: त्यानें ऐकावें, हंसावें, आभार मानावे, हाताखालच्या माणसाच्या मुलाबाळांचीं नांवें लक्षांत ठेवावीं.

हें सर्व खरोखर करावें. आम्ही त्याची थट्टा करीत नाहीं. पण साहेब ओरडतो कां, हा प्रश्न या शंभर पानांत एकदांही आलेला नाहीं, आणि अठरा वर्षें त्या धंद्यांत काढलेल्या माणसास त्याचें उत्तर आमच्याहून चांगलें ठाऊक आहे. मोटारींचा मोठा कारखाना सुटे भाग फारसे सांठवून ठेवीत नाहीं. ज्या तासाला जो भाग लागावयाचा त्या तासाला तो दारांत यावा, अशी पद्धति जपानांत टोयोटा कंपनीनें बसविली व तेथून ती जगभर गेली. तींत काटकसर मोठी आहे. परंतु भाग वेळेवर न आल्यामुळें जुळणीची रांग थांबली, तर त्या थांबण्याचा भुर्दंड पुरवठादाराच्या माथीं बसतो. मग पहिल्या फळीचा पुरवठादार दुसऱ्या फळीच्या मानेवर बसतो, दुसरी फळी शेडवाल्याच्या, शेडवाला ठेकेदाराच्या, आणि ठेकेदार हेल्परच्या. हेल्परच्या खालीं कोणी नसतें. तेथें फक्त यंत्र असतें. आपला फळ्यावर लाल शाईनें नांवें लिहिणारा साहेब या उतरंडींतलें एक मडकें आहे. त्याला गोड बोलावयास शिकविलें तरी वरचा भार आहे तेवढाच राहतो. तो आतां गोड शब्दांत खालीं उतरतो, एवढेंच.

याच उतरंडीचा तळ पाहावयाचा तर या गृहस्थांस घरापासून फार लांब जावें लागत नाहीं. सन २०२३ च्या ८ डिसेंबरास शेजारच्या तळवड्यांत वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाजीवजा मेणबत्त्या करणाऱ्या एका शेडला आग लागली, आणि तेथें मजुरीस आलेल्या कित्येक स्त्रिया होरपळून मेल्या. खुद्द चिखलीच्या कुदळवाडींत सन २०२५ च्या फेब्रुवारींत महापालिकेनें अनधिकृत ठरविलेलीं हजारों शेडें व गोदामें कांहीं दिवसांत भुईसपाट केलीं. त्यांत काम करणारीं माणसें पुढें कोणाच्या केंद्रस्थानीं गेलीं, हें विचारण्यास कोणी नेतृत्व-सल्लागार तेथें गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तेथें फी मिळत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हा दोष एका लेखकाचा आहे, शास्त्राचा नव्हे. तें कांहीं अंशीं खरें आहे. या शास्त्राचें मूळ पाहिलें तर तें बरेंच कडक आहे. अमेरिकेंतील रॉबर्ट ग्रीनलीफ यानें तेथल्या प्रचंड टेलिफोन कंपनींत उभा जन्म नोकरी केली, सन १९६४ सालीं तो ती सोडून सल्लागार झाला, व सन १९७० सालीं त्यानें नेता हा आधीं सेवक असावा असें प्रतिपादन करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यानें नेत्याची जी परीक्षा सांगितली तिचे दोन भाग आहेत: सेवा घेणारीं माणसें त्या सेवेनें वाढलीं काय, हा पहिला; आणि समाजांतल्या सर्वांत खालच्या माणसाचें त्यामुळें भलें झालें, निदान त्याचें आणखी नुकसान तरी झालें नाहीं ना, हा दुसरा. त्याच्या पुष्कळशा अनुयायांनीं पहिला भाग तेवढा पाठ केला. आमच्या गृहस्थांच्या हस्तलिखितांत ग्रीनलीफचें नांव सात वेळां आहे, दुसरा भाग एकदांही नाहीं.

तीच गोष्ट एमी एडमंडसन या विदुषीची. रुग्णालयांत औषधें देण्यांत होणाऱ्या चुकांची त्यांनीं पाहणी केली, तेव्हां जेथें परिचारिकांचा मेळ चांगला तेथें चुका कमी सांपडतील अशी अपेक्षा होती. उलटच झालें, चांगल्या मेळांत चुका अधिक नोंदलेल्या आढळल्या. कारण इतकेंच कीं, तेथें चूक सांगावयास भीति नव्हती, व जेथें भीति होती तेथें ती वहींत चढतच नव्हती. या शोधावरून आज 'मोकळेपणानें बोलावें' असा एक गोडगोड उपदेश निघाला आहे. मूळ गोष्टींत मात्र रोग्याच्या अंगांत गेलेलें चुकीचें औषध आहे. मोकळेपणा कशासाठीं, तर कोणाचा तरी जीव वांचावा यासाठीं; कचेरींतलें वातावरण प्रसन्न दिसावें यासाठीं नव्हे.

सन २०२४ सालीं पुण्यांतील एका मोठ्या हिशेबतपासणी-संस्थेंत थोडेच महिने नोकरी केलेली एक तरुण मुलगी वारली. तिच्या आईनें कामाच्या भारास दोष देऊन संस्थेच्या प्रमुखांस लिहिलेलें पत्र सर्वत्र वाचलें गेलें. संस्थेनें तें कारण मान्य केलें नाहीं. त्यानंतर कांहीं आठवडे सहानुभूति, समतोल, मनःस्वास्थ्य या विषयांवर इतकीं व्याख्यानें झालीं कीं, सल्लागारांस उसंत मिळाली नसेल. परंतु सरकारी कामगार खात्यानें जाऊन पाहिलें तेव्हां बाहेर आलेली गोष्ट फार रुक्ष होती: ती कचेरी सन २००७ पासून दुकानें व आस्थापनांच्या कायद्याखालील नोंदणीवांचून चालत आली होती. त्या कायद्याच्या सन २०१७ च्या रूपांत दिवसाचे ९ व आठवड्याचे ४८ तास घातलेले होते. (सन २०२५ च्या सप्टेंबरांत राज्याच्या मंत्रिमंडळानें ९ चे १० करण्यास संमति दिली, तो वेगळा विषय.) जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनीं सन २०२१ सालीं जो हिशेब प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें आठवड्यास ५५ तास वा अधिक काम केल्यामुळें हृदयविकार व पक्षाघात यांनीं सन २०१६ या एका वर्षांत जगांत सुमारें ७ लक्ष ४५ हजार माणसें मेलीं. तासांचा प्रश्न असा आहे. आणि या वाङ्मयांत तास हा शब्द सर्वांत कमी सांपडतो.

आपल्या भाषेंत वरिष्ठांस सल्ला देण्याची परंपरा कांहीं आजची नव्हे. रामचंद्रपंत अमात्य शिवछत्रपतींच्या काळापासून कित्येक राजवटी पाहिलेला माणूस. सन १७१५ च्या आज्ञापत्रांत त्यांनीं राजधर्माच्या मोठ्या गोष्टी सांगितल्याच, पण आरमाराचें प्रकरण आलें तेव्हां ते एकदम झाडावर आले. जहाजांस आंबा-फणसाचें लांकूड उपयोगी आहे, तरी त्यास हात लावूं नये, कारण तीं झाडें वाढावयास वर्षें लागतात व रयतेनें तीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं असतात; एखादें झाड जीर्ण झालेंच असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊन तोडावें, असा त्यांचा आशय आहे. रयतेवर माया करा असें सांगून ते थांबले नाहींत. माया म्हणजे कोणतें झाड, कोणाची संमति, व किती मोल, येथपर्यंत ते खालीं आले. सल्ला खरा कीं पोकळ हें ओळखण्यास आम्हांस याहून चांगली कसोटी सांपडलेली नाहीं.

त्या कसोटीस पूर्ण उतरलेला, व वाईट कामाच्या जागेंतून बाहेर पडूनच सल्लागार झालेला, एक मराठी माणूस दाखवितां येतो. आणि आश्चर्य असें कीं, त्याच्या घराण्याचें मूळ गांव कन्हेरसर, ज्या खेड तालुक्यांत आज चाकणचे कारखाने उभे आहेत त्याच तालुक्यांत. नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या एका कापडगिरणींत भांडारपाल होते. म्हणजे ते सांच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते. आमच्या या गृहस्थांप्रमाणें कारकुनी बाजूचेच होते. परंतु गिरणी सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबते, आणि त्या मधल्या वेळांत माणसाचें काय होतें, तें त्यांनीं रोज पाहिलें. सन १८८० च्या सुमारास ते 'दीनबंधु' पत्राच्या कामास लागले. सन १८८१ च्या पहिल्या कारखाना-कायद्यानें लहान मुलांपुरते नऊ तास ठरविले होते. मोठ्या माणसांस कांहींच नव्हतें. सन १८८४ च्या सप्टेंबरांत लोखंड्यांनीं परळास सुपारीबागेंत कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज तयार झाला.

त्या अर्जांत काय मागितलें होतें तें पाहण्यासारखें आहे. आठवड्यास रविवारची सुटी. दुपारीं अर्धा तास विसांवा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावें. पगार उशिरांत उशिरा पुढील महिन्याच्या १५ तारखेस मिळावा. आणि काम करतांना इजा झाली तर बरें होईपर्यंत वेतन, व अंग कायमचें निकामी झालें तर निर्वाहाची सोय. मालकांनीं दयाळू व्हावें अशी मागणी त्यांत नाहीं. दया ही त्या अर्ध्या तासांत आहे. पुढें सन १८९० च्या २४ एप्रिलास महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन स्त्रियाही बोलल्या. आणि १० जूनला गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. ज्या रविवारीं तिसऱ्या प्रहरीं आमच्या गृहस्थांच्या पोटांत गोळा उठत असे, तो रविवार त्यांस या भांडारपालानें मिळवून दिलेला होता!

लोखंड्यांच्या 'बाँबे मिलहँड्स असोसिएशन'ला आपले इतिहासकार पहिली कामगार-संघटना म्हणतात. पण कारखान्यांच्या कायद्याविषयींच्या सन १८९२ च्या सरकारी अहवालांत तिची थोडी हेटाळणीच केलेली आहे. या संस्थेस ना सभासदांची यादी, ना निधि, ना नियम. जो कोणी गिरणी-कामगार येईल त्यास लोखंडे केवळ स्वेच्छेनें सल्ला देतात, अशा अर्थाचें त्यांत लिहिलेलें आहे. संघटनेच्या दृष्टीनें हा मोठाच उणेपणा होता व तो लपविण्याचें कारण नाहीं. लोखंडे सन १८९७ सालीं प्लेगांत वारले, आणि त्यांच्या मागें ती संस्था टिकली नाहीं. परंतु आमच्या प्रस्तुत विषयापुरतें पाहतां त्या साहेबानें नकळत फार नेमका शब्द वापरला. लोखंडे सल्लागार होते. फक्त त्यांच्याकडे येणारा माणूस उतरंडीच्या दुसऱ्या टोंकाकडून येत असे.

आतां हस्तलिखिताकडे परत येतों. तें वाचतांना आम्हांस एक गोष्ट सारखी चुकल्यासारखी वाटत होती. वर्षापूर्वीं याच गृहस्थांनीं आपल्या लिखाणाचा एक तुकडा आमच्या घरीं वाचून दाखविला होता. एका रात्रपाळींत प्रेसवर काम करणाऱ्या ठेकेदाराच्या हेल्परचीं दोन बोटें गेलीं. हात आंत असतां यंत्र थांबविणारा सेन्सर त्या यंत्रास होता. पण त्यामुळें दर तासाचे नग कमी पडतात म्हणून तो बंद करून ठेवलेला होता. तो बंद आहे हें या गृहस्थांस ठाऊक होतें. सकाळच्या बैठकींत त्यांनीं त्या रात्रीचा उत्पादनाचा आंकडा वाचून दाखविला, आणि आंकडा चांगला होता. त्या दिवशीं त्यांच्या नांवापुढें लाल शाई नव्हती. तो भाग वाचतांना त्यांचा आवाज राहिला नव्हता, व ऐकतांना आम्हांपैकीं कोणी चहाच्या पेल्यास हात लावला नाहीं.

हीं पानें १४० पानांत नाहींत. आम्हीं त्यांस घरीं बोलावून सरळ विचारलें. ते म्हणाले, "हें वाचून कोणती कंपनी मला बोलावील? आणि त्यांत मी काय दिसतों तें आपणच पाहा." पुढच्या महिन्यांत चाकणच्या एका कारखान्यांत त्यांचें व्याख्यान ठरलेलें आहे; तेथील अधिकाऱ्यांनीं कंत्राटी कामगारांचा विषय कृपा करून नको, असें आधींच कळविलें आहे. चिखलीच्या घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. हीं कारणें आम्हांस क्षुल्लक वाटत नाहींत. मासिकांत लेख लिहिणारास दुसऱ्याच्या हप्त्यांवर शौर्य गाजविणें फार सोपें असतें.

तरी आम्हीं आमचें मत त्यांस सांगितलें, तें येथेंही नमूद करतों. या वाङ्मयप्रकाराचा मुख्य दोष फी हा नव्हे. वैद्यही फी घेतो. दोष हा आहे कीं, यांतला प्रत्येक लेखक स्वतःला केवळ सोसणारा म्हणून रंगवितो. ज्यानें अठरा वर्षें अशा ठिकाणीं काढून विभागाची मुख्य खुर्ची मिळविली, त्यानें सोसलें तसें सोसायलाही लावलें असलें पाहिजे. उतरंडींत मधल्या मडक्यास वरचा भार दिसतो, आपला स्वतःचा भार दिसत नाहीं. तो दिसला तरच त्याला दुसऱ्या मधल्या माणसास कांहीं शिकवितां येईल. नाहीं तर साहेबानें हंसावें कसें एवढेंच तो शिकवील. सेन्सर बंद आहे हें ठाऊक असूनही आपण गप्प कां बसलों, हें ज्याला सांगतां येतें, त्याच्या सल्ल्यास आम्ही सल्ला म्हणूं.

ते बराच वेळ गप्प बसले. मग हस्तलिखित घेऊन गेले. दहा दिवसांनीं त्यांचा निरोप आला कीं, तीं पानें पुस्तकांत घालतों, व्याख्यानांत मात्र घालीत नाहीं. ग्रंथपरीक्षकाचा संबंध पुस्तकाशीं असतो, व्याख्यानाशीं नसतो, म्हणून आम्हीं त्यावर वाद वाढविला नाहीं.

पुस्तक दिवाळीच्या आगेमागे निघेल. तो भाग सातव्या प्रकरणांत आलेला आहे. वाचकांनीं पुस्तक हातीं घेतल्यावर तेवढा आधीं वाचावा, मग पहिलीं चाळीस पानें. आणि वेळ उरला तर बाकीचें.